माउस सेन्सिटिव्हिटी कशी निवडावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं मुख्यतः पडद्याच्या मधोमध क्रॉसहेअर (नेम धरायची खूण) असलेल्या नेमबाजीच्या खेळांसाठी आहेत: काउंटर-स्ट्राइक, व्हॅलोरंट, एपेक्स लेजंड्स, ओव्हरवॉच आणि त्यांच्यासारखे इतर. कर्सर फिरवून खेळायच्या खेळांचं गणित वेगळं असतं, त्याबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे.

सेन्सिटिव्हिटी म्हणजे नेमकं काय?

हाताने माउस जेवढा सरकवला त्याच्या बदल्यात खेळातली नजर किती अंश वळली, हे प्रमाण म्हणजे सेन्सिटिव्हिटी. ते दोन आकड्यांनी ठरतं. पहिला आकडा माउसमध्ये असतो, तो डीपीआय. माउस एक इंच सरकला की सेन्सर कंप्युटरला किती काउंट पाठवतो, ते तो सांगतो. दुसरा खेळाच्या सेटिंगमध्ये असतो, त्याला खेळाडू थोडक्यात सेन्स म्हणतात. आलेल्या प्रत्येक काउंटमागे नजर किती वळवायची, ते त्यावरून ठरतं.

म्हणून नुसतं "माझं सेन्स २ आहे" म्हटल्याने काहीच कळत नाही. ४०० डीपीआयवरचं २ आणि १६०० डीपीआयवरचं २ यांच्यात चौपट फरक पडतो. दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला की ईडीपीआय मिळतो. ४०० गुणिले २, ८०० गुणिले १ आणि १६०० गुणिले ०.५ हे तिन्ही ८००च. तिन्हींमध्ये हात तेवढाच हलतो आणि नजर तेवढीच वळते.

पण ईडीपीआयची तुलना एकाच खेळापुरती चालते. काउंटर-स्ट्राइकमधले ८०० आणि व्हॅलोरंटमधले ८०० यांचा एकमेकांशी संबंध नाही, कारण प्रत्येक खेळ एका काउंटची किंमत वेगळी धरतो. सगळीकडे टिकणारं माप एकच: नजर पूर्ण ३६० अंश फिरवायला माउस किती सेंटिमीटर सरकवावा लागतो. आपल्या हाताला अंतरच कळतं, सेटिंगमधला आकडा कळत नाही. पुढची सगळी उत्तरं या मापावर आधारलेली आहेत.

माझं हे अंतर कसं मोजू?

सोपा मार्ग पट्टीचा. सरावाच्या नकाशात भिंतीवरच्या एखाद्या खुणेवर क्रॉसहेअर ठेवा. माउसपॅडवर पट्टी ठेवून माउस सरळ आडवा सरकवत राहा, क्रॉसहेअर फिरून पुन्हा त्याच खुणेवर आला की थांबा. जेवढे सेंटिमीटर भरले ते तुमचं अंतर. पॅड संपला तर माउस उचलून परत सुरुवातीला ठेवा आणि बेरीज करा.

हिशेबाने काढायचं असेल तर काउंटर-स्ट्राइक आणि एपेक्ससाठी ४१,५६४ ला तुमच्या ईडीपीआयने भागा. व्हॅलोरंटसाठी १३,०६३ आणि ओव्हरवॉचसाठी १,३८,५४५ हे आकडे घ्या. उत्तर सेंटिमीटरमध्ये येतं. काउंटर-स्ट्राइकमध्ये ८०० ईडीपीआय म्हणजे सुमारे ५२ सेंटिमीटर. व्हॅलोरंटमध्ये ८०० डीपीआय आणि ०.३५ सेन्स, म्हणजे २८० ईडीपीआय, सुमारे ४७ सेंटिमीटर.

हे आकडे आले कुठून, तेही जाणून घेण्यासारखं आहे. काउंटर-स्ट्राइकमध्ये सेन्स १ असताना एका काउंटला नजर ०.०२२ अंश वळते. हा आकडा १९९६ च्या क्वेकमधला आहे. हाफ-लाइफचं इंजिन क्वेकच्या इंजिनावरून घडवलं गेलं, काउंटर-स्ट्राइक हाफ-लाइफवर उभा राहिला आणि एपेक्सचं इंजिनही त्याच घराण्यातलं. त्यामुळे इतक्या वर्षांनीही काउंटर-स्ट्राइकमधला सेन्सचा आकडा एपेक्समध्ये जसाच्या तसा टाकता येतो. व्हॅलोरंटने ०.०७ धरलं, ओव्हरवॉचने ०.००६६.

मग किती सेंटिमीटर योग्य?

एकच योग्य अंतर नसतं, एक पट्टा असतो आणि तो बराच रुंद आहे.

काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंट खेळत असाल तर ३५ ते ७० सेंटिमीटरमध्ये कुठेही चांगलं खेळता येतं. या खेळांत शत्रू कुठून येणार याचा अंदाज आधी बांधलेला असतो, क्रॉसहेअर डोक्याच्या उंचीवर धरून ठेवलेला असतो आणि शेवटच्या क्षणी थोडीशी दुरुस्ती करून गोळी सोडायची असते. बारीक दुरुस्तीला संथ सेन्स मानवतं. ओव्हरवॉच आणि एपेक्समध्ये शत्रू डोक्यावरून उडतो, मागे उतरतो, घसरत बाजूने निघून जातो, आणि त्याच्यावर बराच वेळ क्रॉसहेअर चिकटवून ठेवावा लागतो. तिथे मी २० ते ४५ सेंटिमीटर सुचवेन.

या पट्ट्याच्या बाहेर खेळणारे चांगले खेळाडू आहेत, पण नवख्याने तिथून सुरुवात करू नये. नवखे बहुतेक वेळा फार वेगवान बाजूला असतात, कारण खेळांची मूळ सेटिंगच तशी असते. ओव्हरवॉचमध्ये सुरुवातीचं सेन्स १५ असतं. ८०० डीपीआयच्या माउसवर याचा अर्थ ११.५ सेंटिमीटरमध्ये पूर्ण गिरकी. एवढ्याशा जागेत डोक्याएवढ्या लक्ष्यावर थांबायचं तर बोटांना मिलिमीटरच्याही अंशाचं काम करावं लागतं. "माझा नेमच वाईट आहे" असं म्हणणाऱ्या कितीतरी जणांची खरी अडचण ही असते.

शून्यापासून सुरुवात करायची आहे. काय करू?

आधी पॅड बघा. तुमच्या पॅडची रुंदी मोजा आणि माउस मधोमध ठेवा. तिथून कडेपर्यंत एकदा आरामात हात नेला की नजर अर्धी, म्हणजे १८० अंश फिरायला हवी. मागून गोळ्या आल्या तर माउस न उचलता मागे वळता आलं पाहिजे, एवढाच यामागचा विचार. पॅड ४५ सेंटिमीटर रुंद असेल तर मधून कडेपर्यंत २२ भरतात, त्यातले वापरण्याजोगे साधारण २०. म्हणजे ३६० साठी ४० सेंटिमीटर. पॅड लहान असेल आणि बदलता येणार नसेल तर त्याच्याशी भांडू नका, अंतर कमी ठेवा. कीबोर्ड थोडा तिरका करून डावीकडे सरकवला तरी बरीच जागा मोकळी होते.

आता त्या सेटिंगवर सरावाच्या नकाशात जा आणि तीन गोष्टी करून बघा.

पहिली: भिंतीवरच्या एका ठिपक्यावर क्रॉसहेअर ठेवा आणि डावीकडे-उजवीकडे चालत राहा. चालताना क्रॉसहेअर ठिपक्यावरच राहायला हवा. तो थरथरत, झटके घेत चालला तर सेन्स जास्त आहे. मागे पडत असेल आणि हात ओढत न्यावा लागत असेल तर कमी आहे. माझ्या मते सेन्सची सगळ्यात प्रामाणिक चाचणी हीच. यात नशीब चालत नाही आणि गोळी लागली की चुकली हा प्रश्नही येत नाही.

दुसरी: एकमेकांपासून ३०-४० अंशांवरच्या दोन खुणा निवडा आणि एकीवरून दुसरीवर झटक्यात जा. दर वेळी क्रॉसहेअर कुठे थांबतो ते नुसतं बघा, लगेच सेटिंगला हात लावू नका.

तिसरी: डोळे मिटा, मागे वळण्याएवढा माउस सरकवा, डोळे उघडा. नजर साधारण १८० अंशांवर आली का? पहिल्या दिवशी येणार नाही. आठवड्याभराने यायला लागते, आणि ते अंतर हाताच्या अंगवळणी पडल्याची ती खूण असते.

यातून बदल करावासा वाटला तर एका वेळी १० ते १५ टक्के करा. त्याहून कमी फरक बहुतेकांना जाणवत नाही. जास्त केला तर हाताला सगळं पुन्हा शिकावं लागतं.

एक रीत बरीच प्रसिद्ध आहे: एक कमी आणि एक जास्त सेन्स घ्यायचं, दोन्ही दोन-दोन मिनिटं वापरायचं, जे बरं वाटेल त्याच्या बाजूला सरकायचं, आणि असं करत एका आकड्यावर पोहोचायचं. मी ती सुचवत नाही. दोन मिनिटांत कोणतंही सेन्स बरं किंवा वाईट वाटू शकतं. तो निकाल तुमच्या त्या संध्याकाळच्या मनःस्थितीचा असतो. दुसऱ्या दिवशी तीच कसरत केली तर दुसराच आकडा हाती येतो.

मोठे खेळाडू वापरतात तेच सेटिंग उचललं तर?

पट्टा समजून घ्यायला त्यांची सेटिंग जरूर बघा. एकाचंच नेमकं उचलण्यात काही मिळत नाही, आणि याचा पुरावा त्यांच्याकडेच आहे. काउंटर-स्ट्राइकमधला सिंपल ४०० डीपीआयवर ३.०९ सेन्सने खेळण्यासाठी ओळखला जातो, म्हणजे सुमारे ३४ सेंटिमीटर. झायवू ४०० डीपीआयवर २, म्हणजे ५२ सेंटिमीटर. एचएलटीव्ही या काउंटर-स्ट्राइकच्या संकेतस्थळाच्या वार्षिक क्रमवारीत २०१८, २०२१ आणि २०२२ मध्ये सिंपल पहिला होता, तर २०१९, २०२० आणि २०२३ मध्ये झायवू. दोघांच्या अंतरात दीडपटीचा फरक असूनही दोघं आलटून पालटून जगात पहिले आले.

त्या आकड्यामागे त्या माणसाचा हात आहे, त्याच्या टेबलाची उंची आहे, माउसवरची पकड आहे आणि हजारो तासांची सवय आहे. यातलं काहीच आकड्याबरोबर आपल्याकडे येत नाही.

डीपीआय किती ठेवू? ४०० चांगला म्हणतात, कोणी १६०० म्हणतात.

८०० किंवा १६०० ठेवा आणि खेळातलं सेन्स त्या प्रमाणात कमी करा. अंतर तेच राहतं.

४०० वाईट नाही. १९२० पिक्सेल रुंद पडद्यावर काउंटर-स्ट्राइकमध्ये मध्यभागचा एक पिक्सेल साधारण ०.०८ अंशांचा असतो. ४०० डीपीआय आणि सेन्स २ असताना एका काउंटला नजर ०.०४४ अंश वळते, म्हणजे एका पिक्सेलपेक्षा कमी. त्यामुळे "४०० वर पिक्सेल सुटतात" ही भीती अशा संथ सेन्सवर खरी नाही. सेन्स ३.६ च्या वर गेलं तर मात्र एका काउंटला एका पिक्सेलहून जास्त उडी पडू लागते, आणि तेव्हा डीपीआय वाढवून सेन्स कमी करणं शहाणपणाचं.

जास्त डीपीआयचा दुसरा फायदा खूप हळू हालचालीत दिसतो. ४०० वर पहिला काउंट जायला माउस ०.०६३५ मिलिमीटर सरकावा लागतो, १६०० वर त्याच्या चौथ्या भागात काम होतं. हालचाल पडद्यावर जरा लवकर उमटते. फरक बारीक आहे, पण फुकट मिळतो.

खोक्यावर छापलेले २५,००० किंवा ३०,००० डीपीआयचे आकडे विसरून जा. खेळताना त्यांचा उपयोग नाही.

विंडोजमध्ये काय बदलावं लागतं?

"एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन" बंद करा. नाव काहीही असलं तरी हा पर्याय माउसला प्रवेग लावतो. हात जोरात फिरवला की कर्सर प्रमाणाबाहेर जास्त जातो, हळू फिरवला की कमी. मग तेवढंच अंतर सरकवूनही कर्सर दर वेळी वेगळ्या ठिकाणी पोहोचतो. पॉइंटरचा वेगही मूळ जागी असू द्या: जुन्या कंट्रोल पॅनेलमधल्या ११ खुणांपैकी सहावी, किंवा नव्या सेटिंगमधल्या २० पैकी १०.

खेळात "रॉ इनपुट" सुरू असेल तर खेळ विंडोजला बाजूला ठेवून थेट माउसकडून काउंट घेतो आणि या दोन्ही सेटिंगचा परिणाम होत नाही. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये ते कायम सुरूच असतं. तरीही डेस्कटॉपवर आणि जुन्या खेळांत हाताला एकसारखाच अनुभव यावा म्हणून प्रवेग बंद ठेवलेला बरा.

लिनक्सवर प्रवेगाची "फ्लॅट" प्रोफाइल निवडा. नव्या मॅकओएसमध्ये माउसच्या पुढच्या सेटिंगमध्ये पॉइंटर प्रवेग बंद करायची सोय आहे.

म्हणजे प्रवेग नेहमीच वाईट?

नाही. विंडोजचा प्रवेग खेळासाठी बनवलेला नाही, म्हणून तो नको. स्वतः आखलेला प्रवेग ही वेगळी गोष्ट आहे. क्वेकच्या काळापासून काही उत्तम खेळाडू तो वापरत आले आहेत: हळू हालचालीत संथ सेन्स, झटक्यात वेगवान. रॉ अ‍ॅक्सेलसारख्या प्रोग्रॅममध्ये वेग कुठून वाढावा आणि कुठे थांबावा ते नीट आखता येतं. पॅड लहान आहे पण बारीक नेमही हवा आहे, अशांना याचा खरा उपयोग होतो. फक्त आधी काही महिने साध्या, सरळ सेन्सवर खेळा. आपल्याला काय कमी पडतं ते कळल्याशिवाय वक्ररेषा आखता येत नाही.

मनगटाने खेळू की पूर्ण हाताने?

दोन्हींनी. मनगट टेकवून ठेवलं तर ते डावीकडे-उजवीकडे मिळून साधारण ५० अंश वळतं, आणि तेवढ्यात माउस दहाएक सेंटिमीटर सरकतो. तुमचं अंतर ४० असेल तर नुसत्या मनगटाने जेमतेम ९० अंशांची नजर मिळते, आणि त्या टोकांना मनगट ताणलेलं असतं. म्हणून मोठी वळणं कोपर आणि खांद्यातून, मधली मनगटातून, आणि अगदी शेवटची केसभर दुरुस्ती बोटांनी. हात रोजच्या कामांत हेच करतो. फळ्यावर लिहिताना ओळ खांद्याने पुढे सरकते आणि अक्षराचं वळण बोटांतून येतं.

पंजा पूर्ण टेकवून धरता, बोटं आकडीसारखी वाकवता की फक्त बोटांच्या टोकांनी धरता, यावरही थोडं ठरतं. टोकांनी धरणाऱ्यांची बोटं माउसला वर-खाली सहज सरकवतात, त्यामुळे त्यांना थोडं वेगवान सेन्सही आवरता येतं.

माझा क्रॉसहेअर लक्ष्याच्या पुढे निघून जातो. सेन्स कमी करू का?

थांबा, आधी तो कधी जातो ते बघा.

कोणतीही नेमाची हालचाल दोन टप्प्यांत होते, हे रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञाने १८९९ मध्येच मांडलं होतं: आधी एक मोठी, जवळजवळ आंधळी झेप आणि मग डोळ्यांनी बघत केलेली दुरुस्ती. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये त्यातला व्यवहार सूत्रात बांधला: लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका वेळ जास्त. झेपेला वेगवान सेन्स सोयीचं, दुरुस्तीला संथ. तुमचं सेटिंग ही या दोघांमधली तडजोड असते. म्हणून त्रास कोणत्या टप्प्यात आहे हे शोधल्याशिवाय आकडा हलवू नये.

झेप थोडी चुकणं नैसर्गिक आहे. उत्तम नेमबाजही लक्ष्याच्या किंचित आधी किंवा पुढे थांबतात आणि मग दुरुस्त करतात. दुरुस्ती करतानाही क्रॉसहेअर इकडून तिकडे उडत असेल, लक्ष्यावर बसतच नसेल, तर सेन्स खरंच जास्त आहे. १० टक्के कमी करा.

सरावात सगळं ठीक आणि सामन्यात मात्र पुढे जातो? हा सेन्सचा दोष नाही. तणावात पकड आवळली जाते, पॅडवर माउस जास्त दाबला जातो, मग घर्षण सुटेपर्यंत हात जोर लावतो आणि सुटल्यावर माउस झटक्याने पुढे जातो. अशा वेळी सेन्स कमी केलं की आणखी जोर लावावा लागतो आणि त्रास वाढतो. फेरी संपली की हात सैल सोडा, बोटं उघडमीट करा.

फक्त एकाच बाजूला पुढे जातो? मग बसण्याची पद्धत बघा. कोपर टेबलाच्या कडेला अडकतंय का, माउस हातात तिरका धरला जातोय का, हेडफोनची किंवा माउसची वायर ओढतेय का. उजव्या हाताने खेळणाऱ्यांना डावीकडे आणि उजवीकडे वेगळे स्नायू वापरावे लागतात, त्यामुळे थोडा फरक राहणारच.

आणि फ्रेम्स अडखळत असतील तर आधी ते सोडवा. व्ही-सिंकमुळे (फ्रेम्स पडद्याच्या वेगाशी जुळवणारी सोय) उशीर होत असेल किंवा फ्रेमरेट १४० वरून ६० वर आपटत असेल तर चित्र हाताच्या मागे राहतं आणि तुम्ही थांबायच्या आत क्रॉसहेअर पुढे गेलेला असतो. सेन्सला दोष लावण्यापूर्वी ग्राफिक्स उतरवून बघा.

स्कोप लावल्यावर सगळं वेगळंच वाटतं. त्याचं काय करू?

हा प्रश्न वाटतो त्याहून खोल आहे. स्कोप लावला की दृष्टिकोन, म्हणजे एका वेळी किती अंशांचं दृश्य दिसतं तो कोन, अरुंद होतो आणि चित्र मोठं होतं. तेवढ्याच वळणाला पडद्यावरचं लक्ष्य जास्त लांब सरकतं. म्हणून खेळ स्कोपमध्ये सेन्स कमी करतो. किती कमी करावं याचं एकच बरोबर उत्तर गणितात नाही, कारण गोल फिरणारी नजर सपाट पडद्यावर मांडली जाते. पडद्याच्या मध्यभागी वेग जुळवला तर कडेला जुळत नाही, कडेला जुळवला तर मध्यभागी नाही.

मी मध्यभागी जुळवायला सांगेन. नेमबाजी तिथेच होते, आणि स्कोपमधून शत्रूच्या मागे क्रॉसहेअर फिरवताना हाताला तोच वेग मिळतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये यासाठी झूम सेन्सिटिव्हिटी ०.८१८९३३ ठेवतात. एडब्ल्यूपी या स्कोपवाल्या बंदुकीच्या पहिल्या झूममध्ये दृष्टिकोन ९० वरून ४० अंशांवर येतो. खेळ आपणहून ४० भागिले ९०, म्हणजे ०.४४४ पट सेन्स करतो. मध्यभागचा वेग जुळायला हवं असतं २० अंशांचं टॅन्जन्ट भागिले ४५ अंशांचं टॅन्जन्ट, म्हणजे ०.३६४. या दोन आकड्यांचा भागाकार केला की ०.८१८९३३ मिळतो. दुसऱ्या झूमला हा आकडा तंतोतंत बसत नाही, पण बहुतेक गोळ्या पहिल्या झूममधूनच सुटतात.

ज्यांचा खेळ स्कोपमधून झटक्यात दुसऱ्या लक्ष्यावर जाण्याचा आहे त्यांना १ वरच ठेवलेलं बरं वाटू शकतं. दोन्ही वापरून बघा, मात्र एक निवडलं की सगळ्या बंदुकांना शक्यतो तेच तत्त्व लावा.

एका खेळातून दुसऱ्या खेळात सेन्स कसं न्यायचं?

काउंटर-स्ट्राइकमधला आकडा ३.१८ ने भागला की व्हॅलोरंटचा मिळतो. ३.३३ ने गुणला की ओव्हरवॉचचा. एपेक्सला तोच आकडा. बाकी खेळांसाठी रूपांतर करणारे कॅल्क्युलेटर आहेत, किंवा पट्टी घेऊन अंतर जुळवा.

पण नेणं गरजेचं आहेच असं नाही. दोन खेळांत दोन वेगळी अंतरं ठेवून खेळणारे खूप आहेत आणि त्यांचा नेम बिघडत नाही. मेंदू खेळाच्या चित्रासोबत सवय जोडून ठेवतो. फोर्टनाइटमध्ये बांधकाम करताना सतत मागेपुढे वळायचं असतं. तिथे व्हॅलोरंटचं संथ सेन्स हट्टाने लावलं तर हाताला विनाकारण शिक्षा होते.

एकदा ठरवलं की सेन्स कधीच बदलू नये का?

हा सल्ला अर्धा खरा आहे. एक सामना हरला म्हणून आकडा बदलणाऱ्यांना तो जरूर द्यावा, कारण त्यांना कळतच नाही की आज नेम चुकला तो सेन्समुळे की झोप झाली नाही म्हणून. नवीन सेटिंगला किमान दोन आठवडे द्या आणि त्या काळात दुसरं काही बदलू नका: माउस नाही, पॅड नाही, रिझोल्यूशन नाही.

पण बदल म्हणजे सगळी मेहनत वाया, ही समजूत चुकीची आहे. हात एका आकड्याला गुलामासारखा बांधलेला नसतो. तो समोर दिसणाऱ्या चित्रावरून सतत स्वतःला सुधारत असतो. कोवाक्स किंवा एम लॅबसारख्या सरावाच्या प्रोग्रॅममध्ये मुद्दाम वेगवेगळ्या सेन्सवर सराव करणारे अनेक जण आहेत. संथ सेन्स खांद्याला काम शिकवतं, वेगवान बोटांना. सरावात फिरवा, सामन्यात एकच ठेवा, असं मी सुचवेन.

पोलिंग रेट वाढवला तर सेन्स बदलतं का?

नाही. माउस कंप्युटरला किती वेळा खबर देतो, एवढंच त्यावर ठरतं. १२५ हर्ट्झला दर ८ मिलिसेकंदांनी, १००० ला दर १ मिलिसेकंदाने, ८००० ला दर ०.१२५ ने. १००० ठेवा. त्याहून जास्त रेट प्रोसेसरवर ताण टाकतो, आणि फ्रेम्स पडायला लागल्या तर मिळवलं त्याहून जास्त गमावलं जातं.

नवा माउस घेतला. डीपीआय तोच, सेन्स तेच, तरी वेगळं का वाटतं?

कारण दोन माउसचे ८०० सारखे नसतात. सेन्सरमध्ये काही टक्क्यांचा फरक सहज असतो. पट्टी लावून ३६० चं अंतर पुन्हा मोजा आणि खेळातलं सेन्स त्या प्रमाणात हलवा. अंतर जुळूनही परकं वाटत असेल तर कारणं आकाराची आहेत: सेन्सर माउसच्या पोटाखाली पुढे की मागे आहे, वजन किती, खालचे पाय किती घसरतात. सेन्सर पुढे असेल तर मनगटाच्या तेवढ्याच वळणाला तो जास्त अंतर कापतो. अशा वेळी आकडा न हलवता आठवडाभर वापरा. माउस उचलताना क्रॉसहेअर उडत असेल तर लिफ्ट-ऑफ अंतर (माउस किती उचलल्यावर सेन्सर हालचाल टिपणं थांबवतो ते) सगळ्यात कमी करा, आणि अँगल स्नॅपिंग (हालचालीची रेषा आपोआप सरळ करणारी सोय) असेल तर बंद.

आडवं आणि उभं सेन्स वेगवेगळं ठेवू का?

एकच ठेवा. तिरक्या रेषेत जाताना हाताची दिशा आणि पडद्यावरची दिशा जुळायला हवी. ज्या बंदुकांना सतत खाली ओढावं लागतं त्यांच्यासाठी काही जण उभं सेन्स वाढवतात, पण मग वरच्या मजल्यावरच्या शत्रूवर नेम धरताना तेच आडवं येतं.

डोटा, लीग ऑफ लेजंड्स किंवा स्ट्रॅटेजी खेळांत काय?

तिथे वळण नाही, पडद्यावरचं अंतर आहे. प्रवेग बंद आणि विंडोजचा वेग मूळ जागी असेल तर एका काउंटला एक पिक्सेल. १९२० पिक्सेलचा पडदा ८०० डीपीआयवर ६.१ सेंटिमीटरमध्ये पार होतो, १६०० वर ३ सेंटिमीटरच्या किंचित वर. मनगट न उचलता एका कडेपासून दुसऱ्या कडेला जाता यावं आणि तरीही गर्दीतल्या एका लहान युनिटवर अचूक क्लिक व्हावं. बहुतेकांना ते ८०० ते १६०० च्या दरम्यान सापडतं. पडदा ४के असेल तर त्याच अंतरासाठी डीपीआय दुप्पट लागतो.

मॉनिटर मोठा घेतला किंवा ४:३ प्रमाणाचं चित्र रुंद पडद्यावर ताणून खेळायला लागलो, तर बदलावं का?

अंतर बदलत नाही, ३६० म्हणजे ३६०च. ताणलेल्या चित्रात लक्ष्य आडवं रुंद दिसतं आणि आडवी हालचाल वेगवान भासते. काही दिवसांत डोळे सरावतात.

खेळल्यावर मनगट दुखतं. सेन्सचा संबंध आहे का?

असू शकतो. खूप वेगवान सेन्सवर मनगट टेबलाच्या कडेवर दाबून ठेवलेलं असतं आणि तेच लहान स्नायू तासन्‌तास ताठ राहतात. खूप संथ सेन्सवर खांदा दुखतो. दुखतं मनगट असेल तर अंतर थोडं वाढवून काम कोपराकडे द्या, खांदा असेल तर उलट. कोपर साधारण काटकोनात किंवा त्याहून थोडं उघडं राहील इतकी खुर्ची वर घ्या, आणि मनगट हवेत सरळ रेषेत ठेवा.

अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर सेटिंग बदलत बसू नका. मनगटातली नस दाबली जात असल्याची ती लक्षणं असू शकतात. खेळ थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.